फुटायची जागा

इराप्पा म्हणाला, बाई, वैशाखात काँक्रीट टाकायचं
तर सूर्याला कळता कामा नये.
म्हणून पहाटे साडेतीनला अंगणात उजेड,
आंब्याच्या फांदीला टांगलेली ट्यूब,
आणि मिक्सरचं पोट घरघरायला लागलं तेव्हा
पलीकडच्या रुझारिनबाईनं खिडकी उघडून
आधी शिवी घातली, मग चहा विचारला.

गेटापासून पायरीपर्यंत बेचाळीस फूट.
रुंदी साडेतीन: ह्यांची चार पायांची काठी
आणि शेजारी मी, एवढी जागा.
आधी तिथं चिऱ्याचे तुकडे होते, मधे तांबडी माती.
ह्यांच्या डाव्या पावलाला
प्रत्येक फट मांडवीएवढी.

पाणी गार हवं, म्हणून पिंपात बर्फ.
आदल्या रात्री राइबंदरहून शेवटच्या फेरीबोटीनं आलेला,
मासळीवाल्या जासिंतचा, भुशात गुंडाळलेला,
चोडणला उतरेपर्यंत निम्मा वितळलेला.
त्याला बांगड्याचा वास.
सिमेंटला नाक नसतं, इराप्पा म्हणाला.

मांजराला असतं.
ते कडेकडेनं आलं, ओल्यावरून,
हुंगलं, निराश झालं, आणि तसंच चालत गेलं.
इराप्पानं पाच ठसे थापीनं पुसले.
सहावा गेटाजवळ राहिला. मी दाखवला नाही.

दोन्ही बाजूंना वीतभर कर्ब,
पावसात माती वाटेवर येऊ नये म्हणून;
कर्बला मधेमधे भोकं,
वाटेवरचं पाणी अडू नये म्हणून.
वरून हिरांच्या कोऱ्या झाडूनं आडव्या रेघा.
जरा गुळगुळीत करा ना, मी म्हटलं.
गुळगुळीत म्हणजे जुलैत मोडलेलं हाड, तो म्हणाला,
आणि झाडू मारतच राहिला.

मग दर चार फुटांवर
पट्टी धरून एक खोल चीर पाडली त्यानं,
चांगल्या सपाट अंगावर.
हे कशाला?
ते फुटणारच बाई. ऊन लागलं की आखडतं.
मग कुठं फुटायचं ती जागा
आपणच दाखवून ठेवायची.

ह्यांच्या डोक्यातली शीर
नरकचतुर्दशीला फुटली, अंगाला उटणं तसंच.
तिला कुणी जागा दाखवली नव्हती.

नऊच्या आत सगळं गोणपाटाखाली.
सात दिवस ओलं ठेवायचं, कोरडं पडू द्यायचं नाही,
रात्रीसुद्धा. मी गजर लावून उठायचे,
आधी ह्यांची कूस बदलायचे, मग गोणपाट भिजवायचे.
चौथ्या दिवशी नळ आला नाही.
विहिरीचं पाणी मचूळ, ते चालत नाही म्हणे.
रुझारिनबाईनं आपल्या टाकीतून गडग्यावरून पाइप टाकला,
आणि टाकी रिकामी होईतो
सुनेचं गाऱ्हाणं सांगत उभी राहिली.

ह्यांच्याकडे तीन शब्द उरलेत:
बरं, नको, आणि पाणी.
सोप्यावर खुर्चीत बसून, दुपारभर
त्या आठवड्यात तिसरा वापरला.
मुकादमासारखा.

आठव्या दिवशी गोणपाट काढलं.
दहा चिरांपैकी सातांत
केसाएवढी फट, शहाण्यासारखी, सांगितल्या जागी.
एक मात्र फणसाच्या बाजूला, तिरकी, आपल्या मनानं.
एक तरी ऐकत नाहीच, इराप्पा म्हणाला,
पैसे मोजले, आणि पन्नास परत दिले.

संध्याकाळी हे निघाले.
काठी, उजवा, डावा ओढत.
काठी, उजवा.
सत्तावीस वर्षं फेरीबोटीवर होते,
दोर टाकायचा, साखळी सोडायची,
लोकांना म्हणायचं, थांबा, अजून लागली नाही.

गेट उघडंच होतं.
शेवटच्या चिरेवर येऊन उभे राहिले.
चला, मी म्हटलं.
नको.
समोर नुसता रस्ता होता, तापलेला,
त्याच्याकडे पाहत होते ते, काठाकडे पाहावं तसे,
आणि बरा असलेला हात
हवेत अर्धा उचललेला.

मीही थांबले.
पलीकडून यायला वेळ लागतो.